वजन उतरवण्याच्या लांब पल्ल्यात नवा व्यायाम कधी आणि कसा आणावा

वीस किलो वजन उतरवायचं आहे आणि आठवड्याला सरासरी अर्धा किलो उतरतंय, तर हिशेबाने ४० आठवडे लागतात. त्यात सणवार, आजारपण, मुलांच्या परीक्षा धरल्या की वर्ष सहज जातं. एवढा काळ तोच रस्ता आणि तेच व्यायाम क्वचितच कुणाला पुरतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मन उडतं आणि मग बहुतेक जण एका झटक्यात सगळंच बदलतात. चालणं बंद करून झुंबा, झुंबा सोडून पोहणं, पोहणं सोडून जिम. दर तीन आठवड्यांनी नव्याने सुरुवात होते, अंग आंबतं आणि पदरात फारसं काही पडत नाही, कारण ताकद वाढल्याचं जाणवायला एकाच व्यायामाला निदान सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात.

म्हणून आमचा आग्रह असा आहे: आठवड्यातल्या व्यायामाचा मोठा भाग ठरलेला ठेवा, फक्त एक दिवस बदलता ठेवा, आणि तो बदल कधी होणार याची तारीख आधीच कॅलेंडरवर लिहा. मूड गेला त्या दिवशी बदल करायचा नाही.

आधी ओळखा: कंटाळा, शीण की निराशा

सकाळी साडेपाचचा गजर वाजतो तेव्हा या तिन्ही गोष्टी एकसारख्याच वाटतात. नव्या व्यायामाने बरा होतो तो फक्त कंटाळा.

बूट घाला आणि नेहमीचा व्यायाम १० मिनिटं करा. अंग मोकळं झालं, श्वास नीट चालला, पण मन लागत नाही, असं असेल तर तो कंटाळा. दहा मिनिटांनंतरही मांड्या जड आहेत, नेहमीच्या वेगाला जास्त धाप लागते, झोप तुटक होते आणि उठल्या उठल्या मोजलेली नाडी सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा ५ ते १० ठोक्यांनी जास्त येते, तर तो शीण. (यासाठी नेहमीची नाडी माहीत हवी. एक आठवडा रोज अंथरुणातच मोजून वहीत लिहून ठेवा.) शिणावर नवा व्यायाम लादला की दुखापतीलाच आमंत्रण. तिथे उपाय एकच: सात दिवस सगळं साधारण निम्म्यावर आणा. तीन सेटऐवजी दोन, चाळीस मिनिटांऐवजी वीस, आणि झोप एक तास जास्त. जेवण फारच कमी केलं असेल तर या आठवड्यात थोडं वाढवा.

व्यायाम छान होतोय, पण काटा हलत नाही म्हणून मन खट्टू होतंय, ही निराशा. यात व्यायामाचा दोष बहुधा नसतो. वजन कमी झालं की तेच अंतर चालायला शरीर कमी खर्च करतं. ८० किलोच्या माणसाला ५ किलोमीटर चालताना बसून राहण्यापेक्षा साधारण २०० कॅलरी जास्त लागतात; तोच माणूस ७० किलोचा झाला की १७५ च्या आसपास. विश्रांतीतला खर्चही घटतो, आणि कमी खाणारा माणूस नकळत दिवसभर कमी हालचाल करायला लागतो. म्हणजे पहिल्या महिन्यात पुरलेलं जेवण आणि चालणं सहाव्या महिन्यात पुरेलच असं नाही. तिथे ताट आणि दिवसभराची पावलं तपासा.

न बदलणारा भाग

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. या हिशेबावर पाच दिवसांचा आठवडा असा बसवा: दोन दिवस ताकद, दोन दिवस चालणं, एक दिवस बदलता.

ताकदीचे दोन दिवस सर्वात महत्त्वाचे, आणि कंटाळ्यापोटी नेमके तेच आधी मोडले जातात. कमी खाऊन वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही जातात. ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं ती गळती बरीच रोखतात. वन-रूम-किचनमध्येही होतील असे पाच व्यायाम पुरेत: खुर्चीपर्यंत बैठका, दंड (आधी भिंतीवर, मग ओट्याच्या किंवा टेबलाच्या कडेवर, शेवटी जमिनीवर), सॅक हातात धरून पाठ सरळ ठेवत कमरेतून वाकून उठणं, एक हात खुर्चीवर टेकवून दुसऱ्या हाताने सॅक कमरेकडे ओढणं, आणि प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ रेषेत धरून ठेवणं). प्रत्येकाचे ३ सेट, एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा, मध्ये ६० ते ९० सेकंद विश्रांती. प्लँक २० सेकंदांपासून सुरू करा. सेटच्या शेवटच्या दोन वेळा कष्टाने, पण ठाकठीक झाल्या पाहिजेत. सॅकेत पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या भरा, एक बाटली म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन मोजूनमापून वाढवता येतं. लागोपाठ दोन दिवस तिन्ही सेट १२ ला पोचले की एक बाटली वाढवायची.

वही शाळेची, दोनशे पानी, साधी. तिच्यात असं लिहायचं: "मंगळवार. बैठका १०-१०-८, सॅक ४ किलो. दंड ओट्यावर ९-८-७. कष्ट दहापैकी ७." सहा आठवड्यांनी मागचं पान उघडलं की १०-१०-८ चे १२-१२-१२ झालेले आणि सॅक ६ किलोची झालेली दिसते. काटा अडलेला असतानाही ही वाढ डोळ्यांसमोर राहते. दर आठवड्याला व्यायाम बदलणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, आणि टिकून राहायला लागणारं सर्वात मोठं बळ तिथेच हुकतं.

सहा ते आठ आठवड्यांनी इथेही बदल करा, पण त्याच कुळातला. खुर्चीपर्यंतच्या बैठकांच्या जागी पायरीवर चढ-उतार, नंतर एक पाय पुढे टाकून खाली जाणं. दंडात खाली जाताना तीन सेकंद मोजणं. स्नायू तेच राहतात, काम थोडं वेगळं होतं आणि आधी कमावलेली ताकद वाया जात नाही.

बदलता दिवस: चार वेळा केल्याशिवाय निकाल नाही

नवा प्रकार पहिल्यांदा करताना माणूस चुकतो, अडखळतो, दुसऱ्या दिवशी अंग आंबतं. त्यावरून "हे आपल्याला जमणार नाही" असं ठरवणं घाईचं आहे. आंबलेपण साधारण २४ ते ७२ तासांत सर्वात जास्त असतं आणि त्याच व्यायामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बरंच कमी होतं. म्हणून प्रत्येक नव्या प्रकाराला चार आठवडे, चार फेऱ्या. पहिल्या दिवशी झेपेल असं वाटतं त्याच्या निम्मंच करायचं आणि अजून करावंसं वाटत असतानाच थांबायचं. दुसऱ्या फेरीत तीन चतुर्थांश, तिसरी-चौथी पूर्ण. चौथ्यानंतर ठरवा: ठेवायचा, पुढच्या मोसमाला राखायचा की सोडायचा.

मुंबईत खर्च न करता किंवा थोडक्या खर्चात काय काय बसतं ते आता पाहू.

*जिना.* या शहरात जिन्यांना तोटा नाही. वर जिन्याने चढा, खाली लिफ्टने या. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना वजन पेलतात, त्यामुळे आंबणं जास्त होतं आणि गुडघ्यावरही ताण येतो. पहिल्या दिवशी तीन मजले, तीन वेळा. लिफ्टमधला वेळ हीच विश्रांती. मग आठवड्याला एक फेरी वाढवा. पूर्ण तळवा पायरीवर टेकवा, कठड्याला हात लावा पण अंग त्यावर ओढू नका. कॅलरीचा हिशेब मात्र आधीच समजून घ्या: ८० किलोच्या माणसाला एक मजला चढायला अडीच-तीन कॅलरी लागतात. दहा मजले म्हणजे ३० च्या आत. जिना दम वाढवण्यासाठी आहे, वडापाव जिरवण्यासाठी नाही. त्या अपेक्षेने चढलात तर महिन्याभरात मन मोडेल.

*सूर्यनमस्कार.* पावसाळ्यात आणि कमी जागेत याला तोड नाही. एक चटई अंथरली की झालं. पहिला आठवडा ४, मग ६, मग ८ आणि चौथ्या आठवड्यात १२. सावकाश केले तर एका नमस्काराला मिनिटभर धरा. वजन जास्त असलेल्यांच्या दोन तक्रारी हमखास येतात. पहिली मनगटाची: सगळा भार तळहाताच्या मागच्या कडेवर पडतो. बोटं फाकवा, बोटांची मुळं जमिनीवर दाबा, तरीही दुखलं तर हाताखाली दोन जाड पुस्तकं ठेवा किंवा मुठींवर करा. दुसरी कमरेची: साष्टांग नमस्कारातून भुजंगासनात जाताना पोट सैल सोडलं की कंबर झोळीसारखी लोंबते. पोट आत ओढा, कोपरं किंचित वाकलेली ठेवा, छाती झेपेल तेवढीच उचला. पोट मध्ये येऊन पाय दोन्ही हातांमध्ये पोचत नसेल तर दोन टप्प्यांत आणा. रक्तदाब जास्त असेल आणि डोकं खाली गेल्यावर गरगरत असेल तर हा प्रकार डॉक्टरांना विचारूनच.

*चाल-धाव.* एक मिनिट हलकं धावणं, दोन मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्या, २४ मिनिटं. मरीन ड्राइव्हचं दृश्य कितीही ओढ लावणारं असलं तरी पहिले दोन महिने मातीवर धावा: शिवाजी पार्क, ओव्हल मैदान किंवा घराजवळचं कुठलंही मैदान. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध सवयीला महिने घेतात. त्या तफावतीत माणूस उत्साहाने रोज धावतो आणि नडगीच्या आतल्या बाजूला दुखणं सुरू होतं. तसं झालं की दोन आठवडे फक्त चालणं. बोटाने दाबून एकाच बिंदूला तीव्र कळ येत असेल तर हाडाला तडा असू शकतो; तिथे डॉक्टरच. वजन शंभरीच्या आसपास असेल किंवा गुडघे आधीच कुरकुरत असतील तर धावण्याऐवजी एक मिनिट झपझप चालणं आणि दोन मिनिटं साधं चालणं ठेवा.

*पोहणं.* सांध्यांना सर्वात सोसणारं, आणि मार्च ते मे या काळात खरं सुख. महापालिकेचे जलतरण तलाव शहरात आणि उपनगरांत अनेक ठिकाणी आहेत, दादरचा महात्मा गांधी जलतरण तलाव त्यातलाच. पण नोंदणीला रांग असते, बॅच ठरलेली असते, त्यामुळे हा बदल महिनाभर आधी ठरवा. सुरुवातीला एक लांबी पोहून ४५ सेकंद विश्रांती, अशा आठ. पोहून आल्यावर भूक सपाटून लागते, म्हणून खाण्याचा डबा बरोबरच ठेवा. तलावाबाहेरच्या गाडीवर पाय आपोआप वळतात.

*दोरीवरच्या उड्या* पाऊण महिना चाल-धाव झेपल्यानंतर, २० सेकंद उड्या आणि ४० सेकंद थांबा, दहा वेळा. जमिनीपासून इंचभरच उडायचं. गच्चीवर किंवा तळमजल्यावर करा. मधल्या मजल्यावर खालच्यांच्या छतावर सकाळी सहाला होणारा आवाज सोसायटीच्या सभेत पोचतो आणि उपक्रम तिथेच संपतो.

मल्लखांब, लेझीम, गरबा, बॅडमिंटन यांचंही स्वागत आहे. नियम तेच: निम्म्याने सुरुवात, चार फेऱ्या, मग निकाल.

लोकल धरणाऱ्यांसाठी

बदलापूर, विरार, पनवेलहून रोज ये-जा करणाऱ्याला "रोज एक तास काढा" हे सांगणं निरर्थक आहे. अशांनी ताकदीचा एक दिवस रविवारी आणि एक मधल्या वारी, २५ मिनिटांचा ठेवावा, आणि चालणं प्रवासातच बसवावं. चर्चगेटला ऑफिस असेल तर मरीन लाइन्सला उतरून समुद्राच्या बाजूने चालत जाता येतं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. सकाळी घाम येतो म्हणून नको असेल तर संध्याकाळी उलट दिशेने. जेवणानंतर ऑफिसभोवती दहा मिनिटं धरली तर दिवसाची अर्ध्या तासाची बेगमी होते. इथेही कंटाळा येतोच, म्हणून महिन्याला रस्ता बदला.

आणि एक "किमान दिवस" आधीच ठरवून ठेवा: गाड्या लेट, घरी पोचायला साडेनऊ, अशा दिवशी काय करायचं? १० बैठका, ८ दंड, २० सेकंद प्लँक, दोनदा. सात-आठ मिनिटं. वहीत त्याची नोंद पूर्ण दिवसासारखीच करायची.

वर्षाची आखणी मुंबईच्या हवेप्रमाणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बाहेरच्या व्यायामाचा काळ. लांब चालणी, चाल-धाव याच महिन्यांत वाढवा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेणी साधारण सहा-सात किलोमीटर चढाची आहेत. सोमवारी उद्यान बंद असतं. तारखेचं बंधन लागणाऱ्यांना जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन उपयोगी पडते. २००४ पासून ती होते, आणि तिच्यात सुमारे सहा किलोमीटरची ड्रीम रन चालत पूर्ण करता येते. नोंदणी कित्येक महिने आधी सुरू होते, म्हणजे पावसाळ्यातच एक तारीख समोर दिसायला लागते.

मार्चपासून सकाळी सातच्या आत उरका. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते. वेग कमी झाला म्हणून आपण मागे पडलो असं समजू नका; या महिन्यांत वेगाऐवजी मिनिटं मोजा. तासाभराच्या व्यायामाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करून पाहा. वजन ८० किलो असताना दीड किलोहून जास्त घट दिसली तर पाणी कमी पडतंय. व्यायाम लांबला तर लिंबू-सरबतात चिमूटभर मीठ, साखर अगदी थोडी. ऑक्टोबरच्या उकाड्यालाही हेच लागू.

जून ते सप्टेंबर सगळं घरात आणा: ताकद, जिना, सूर्यनमस्कार. बाहेर गेलातच तर शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकपासून जपा, आणि तुंबलेल्या पाण्यातून व्यायाम म्हणून चालणं मुळीच नको. त्यातून लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीतून पसरणारा जंतुसंसर्ग) होऊ शकतो, पायाला जखम असेल तर धोका अधिक.

गणपती आणि दिवाळी हे वजन राखण्याचे आठवडे म्हणून आधीच मांडा. मोदक, फराळ, पाहुणे, जागरणं यांत वजन उतरवण्याचा हट्ट धरला की तो मोडतो आणि मग महिनाभर सगळंच सुटतं. या दिवसांत ध्येय एवढंच: वजन जागच्या जागी, ताकदीचे दोन दिवस चालू. लांबच्या पल्ल्यात असे पडाव शरीरालाही मानवतात.

काटा कसा वाचायचा

नवा व्यायाम सुरू केल्यावर पहिले एक-दोन आठवडे वजन किलोभर वाढलेलं दिसू शकतं. ताण पडलेले स्नायू दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात, ती चरबी नव्हे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. चार दिवसांत तेवढं जादा खाल्लं नसेल तर ती वाढ खोटी आहे. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण चांगला बदल दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात.

रोज सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी मागच्या सात दिवसांशी ताडून पाहा. स्त्रियांनी पाळीच्या चक्रातल्या त्याच दिवसांशी तुलना करावी. पाळीआधी पाणी साठून काटा वर जातो. महिन्यातून दोनदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. हातातल्या घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी खाण्याच्या हिशेबात धरू नका, त्या पुष्कळदा फुगलेल्या असतात.

प्रथिनांबद्दल थोडक्यात: वजनाच्या दर किलोला दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम. तीन अंड्यांत साधारण १८ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्येही तेवढीच, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत २५ च्या आसपास. फक्त वरण-भात आणि पोळी-भाजीवर हा आकडा गाठता येत नाही; उसळ, दही, अंडं किंवा मासे ताटात मुद्दाम वाढवावे लागतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

औषधं आणि खंड

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नव्या व्यायामाच्या दिवशी साखर अचानक उतरू शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा चार चमचे साखरेची पुडी ठेवा आणि व्यायामाआधी साखर मोजा. वजन पाच-सात किलो उतरलं की रक्तदाबाच्या औषधांची मात्राही तपासून घ्यावी लागते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्याची खूण. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, विनाकारण धाप असं काही झालं तर तिथेच थांबून थेट रुग्णालय गाठायचं.

खंड पडणारच. एक आठवडा गेला तर जिथे सोडलं तिथूनच सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले तर सॅकेतलं वजन आणि मिनिटं ७० टक्क्यांवर आणा. महिना गेला तर निम्म्यावर, आणि दोन आठवडे तिथेच थांबा, बदलता दिवस तोवर बंद. ताप आला तर अंगात ताप असताना काहीही नाही, आणि ताप जितके दिवस होता निदान तितके दिवस फक्त सावकाश चालणं. डेंग्यू किंवा मलेरियानंतर अशक्तपणा कित्येक आठवडे रेंगाळतो. तिथे परतीची तारीख डॉक्टरांकडून घ्या आणि वहीत त्या दिवसापासून नवं पान सुरू करा, पहिल्या ओळीत सॅक २ किलो.